कुस्ती सगळ्यांनी पाहिली, पंचाला विचारले कोणी?

२ फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत गादी विभागाची अंतिम कुस्ती झाली. पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निर्णय पंचाने दिला. दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असे म्हणत राक्षे भडकला आणि त्याने पंचाला लाथ मारली. त्यानंतर किताबाच्या लढतीत शेवटची काही सेकंद उरली असताना महेंद्र गायकवाड मॅट सोडून निघून गेला आणि मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला. राक्षे आणि गायकवाड दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. हे सारे धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा, दोंडाईचा, नरडाण्यापर्यंत पोहोचायला कोणाला दुसऱ्या दिवशीच्या पेपरची वाट पाहावी लागली नाही. ती लाथ रात्री झोपण्यापूर्वीच प्रत्येक मोबाईलवर चार-चार वेळा पडून गेली होती, वेग कमी करून, गोल आखून, गाणे लावून. सकाळच्या पेपरात तीच बातमी आली तेव्हा ती शिळ्या भाकरीसारखी वाटली असणार. पण त्या शिळ्या बातमीत एक जागा रिकामी होती आणि मोबाईलनेही ती भरली नव्हती. चितपटीचा निर्णय एकटा पंच देतो का? नियमाप्रमाणे त्याला जोडीच्या पंचाची किंवा मॅटप्रमुखाची संमती लागते; ती कोणी, केव्हा दिली? निर्णयाचा फेरविचार मागायची सोय होती का, असल्यास कोणी नाकारली? पंच कोणत्या यादीतून आले, ती यादी कोणी केली? लाथ लाखोंनी पाहिली. हे प्रश्न मात्र फारच थोड्यांना पडले, आणि ते विचारायला दारात जाऊन उभे राहिलेले त्याहून थोडे.

समाजमाध्यमांनी क्रीडा पत्रकारिता मारली, अशी एक तक्रार हल्ली वारंवार ऐकू येते. ती मला अर्धीच पटते. पत्रकाराकडे पूर्वी दोन कामे होती: काय घडले ते सांगणे आणि ते तसे का घडले ते विचारणे. मोबाईलने पहिले काम हिसकावून घेतले, आणि खरे तर ते बरेच झाले, कारण ते काम तो अधिक वेगाने आणि फुकटात करतो. दुसरे काम त्याने घेतले नाही, घेणारही नाही. पत्रकारितेची चूक अशी की हातातून गेलेल्या पहिल्या कामामागे ती अजून धापा टाकत धावते आहे, आणि जे काम तिच्याच हातात उरले आहे त्याकडे तिचे लक्ष नाही. याचा फटका मुंबई-पुण्यापेक्षा शिंदखेड्यासारख्या तालुक्याला जास्त बसतो. मोठ्या शहरात विचारणारे चार जण तरी उरतात. तालुक्यात एक वार्ताहर असतो, आणि त्याने विचारले नाही तर कोणीच विचारत नाही.

या तालुक्यात खेळाची बातमी पूर्वी भरभरून येत होती, असा समज करून घेण्याचे मात्र कारण नाही. मराठी पत्रात खेळाला रोजचे हक्काचे पान मिळवून दिले ते महाराष्ट्र टाइम्सच्या वि. वि. करमरकरांनी, १९६० च्या दशकात. क्रिकेटच्या बरोबरीने कबड्डी, खो-खो, कुस्ती यांना त्यांनी त्या पानावर जागा दिली. मार्च २०२३ मध्ये ते गेले तेव्हा सगळ्यांनी ते आठवून लिहिले. पण ते पान मुंबईचे होते. खानदेशात देशदूत, गावकरी, आपला महाराष्ट्र, जनशक्ती या पत्रांनी आपापल्या परीने तालुक्याच्या बातम्या छापल्या. खेळाची बातमी त्यात बहुधा ‘यांच्या हस्ते उद्घाटन, त्यांच्या हस्ते बक्षीस वितरण’ एवढीच असे, आणि खेळाडूंची नावे शेवटच्या ओळीत, जागा उरली तर. महाराष्ट्र केसरीची स्पर्धा १९६२ ला धुळ्यात आणि १९६६ ला जळगावात भरली होती, म्हणजे कुस्ती खानदेशाला परकी नाही. तरी चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीच्या विजय चौधरीने २०१४, २०१५ आणि २०१६ असा सलग तीनदा तो किताब जिंकला, तेव्हा पहिल्या किताबाआधी जिल्हा पानावर त्याचे नाव किती वेळा आले असेल, हे जुने अंक चाळून कोणी तरी पाहावे. फार वेळा आले असेल असे वाटत नाही. तेव्हा ‘मोबाईल आला आणि सोन्याचे दिवस गेले’ हे रडगाणे निदान आपल्या भागाने गाऊ नये.

उलट मोबाईलने जे दिले ते आधी मोकळेपणाने मान्य करावे लागेल. यात्रेतली कुस्त्यांची दंगल पूर्वी मैदानाभोवती बसलेल्यांपुरती असे. आज तिचे थेट प्रक्षेपण सुरतेत कापडाच्या कारखान्यात काम करणारा गावचा माणूसही पाहतो. टेनिस बॉल क्रिकेटचे उदाहरण तर याहून बोलके आहे. या खेळाला कोणत्याही पेपरने कधी खेळ मानलेच नाही. गावोगावच्या स्पर्धा यूट्यूबवर दिसू लागल्या, क्रिकहिरोजसारख्या ॲपवर प्रत्येक चेंडूची नोंद होऊ लागली, आणि ज्याचे नाव दोन गावांपलीकडे माहीत नव्हते त्या फलंदाजाच्या धावा कोणालाही उघडून पाहता येऊ लागल्या. याच पायावर मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव मैदानात आयएसपीएल ही टेनिस बॉलची व्यावसायिक लीग उभी राहिली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. प्रियंका इंगळेच्या संघाने महिलांचा आणि प्रतीक वाईकरच्या संघाने पुरुषांचा चषक नेपाळला हरवून जिंकला. त्या दोघांचे धावणे, सूर मारणे, खांब घेणे गावागावातल्या पोरींनी-पोरांनी पाहिले ते मोबाईलवरच. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्यपदक जिंकत होता, तेव्हा ज्यांनी कधी रायफल पाहिली नव्हती ते लोक एकेका गोळीचे गुण मोजत बसले होते. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत पदक जिंकले ती बातमी महाराष्ट्रभर पसरायला किती दिवस लागले असतील, याची नुसती कल्पना करावी. पोहोचण्याच्या बाबतीत आज कोणाची तक्रार राहिलेली नाही.

अडचण पुढे सुरू होते, कारण माध्यम ज्याच्या हातात त्याला प्रश्न नकोच असतात. १५ ऑगस्ट २०२० ला महेंद्रसिंग धोनी इन्स्टाग्रामवरून निवृत्त झाला. मे २०२५ मध्ये रोहित शर्मा ७ तारखेला आणि विराट कोहली १२ तारखेला तसेच कसोटी क्रिकेटमधून बाजूला झाले, इंग्लंडचा दौरा तोंडावर असताना. तो दौरा आणि ही निवृत्ती यांचा संबंध काय, निर्णय स्वतःचा की सुचवलेला, हे पत्रकार परिषदेत कोणी तरी विचारले असते; त्याचे उत्तर टाळले गेले असते, तरी टाळले हे दिसले असते. पोस्टला प्रश्न विचारता येत नाही. तिच्याखाली हृदयाची चित्रे टाकता येतात. निवृत्तीत कोणाचा जीव जात नाही म्हणून हे चालून जाते. ४ जून २०२५ ला बंगळुरूत ते चालले नाही. आदल्या रात्री अहमदाबादेत रॉयल चॅलेंजर्स बंगळुरूने पहिल्यांदा आयपीएल जिंकले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून क्लबच्या खात्यांवरून विजययात्रेची आमंत्रणे सुटली. पोलिसांची परवानगी नसताना ती सुटली, असे कर्नाटक सरकारने आपल्या अहवालात म्हटले. चिन्नास्वामी मैदानात सुमारे ३५ हजार माणसे मावतात. रस्त्यावर लाखो उतरले. चेंगराचेंगरीत ११ जण गेले. आता विचार करा, हीच घोषणा आधी एखाद्या वार्ताहराच्या टेबलावर आली असती, तर त्याने पहिला फोन कोणाला केला असता? पोलीस आयुक्तालयाला. ‘मिरवणूक आहे म्हणतात, मार्ग कोणता, बंदोबस्त किती?’ हा प्रश्न त्याला हुशारीने सुचत नाही, सवयीने सुचतो. क्लब आणि चाहता यांच्यामधून वार्ताहर काढून टाकला की तो फोनही निघून जातो. त्या एका फोनने ११ जीव वाचलेच असते, असा दावा मी करणार नाही. विचारायला कोणी नव्हते, एवढे मात्र दिसते.

दुसरी गोष्ट खोट्याची. दिल्लीत आंदोलन करणाऱ्या कुस्तीगीर मुलींना २८ मे २०२३ ला पोलिसांनी ताब्यात घेतले, तेव्हा गाडीत बसलेल्या विनेश आणि संगीता फोगाट हसत असल्याचे छायाचित्र फिरले. मूळ छायाचित्रात त्या हसत नव्हत्या. ते हसू यंत्राने चिकटवले होते. हे शोधून दाखवले ते पडताळणी करणाऱ्या पत्रकारांनी, पण तोवर ‘नाटक आहे सगळे’ हा निकाल गटागटांत लागून गेला होता. सप्टेंबर २०२२ मध्ये अर्शदीप सिंगकडून पाकिस्तानविरुद्ध एक झेल सुटला, आणि त्याच्या विकिपीडियाच्या पानावर कोणी तरी त्याला खलिस्तानशी जोडून टाकले. महाराष्ट्राने हेच आपल्या मातीत पाहिले. जानेवारी २०२३ ला पुण्यातल्या महाराष्ट्र केसरीत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या कुस्तीत बाहेरच्या टांगेला पंचांनी चार गुण दिले. ते चार असावेत की कमी, हा कुस्तीच्या जाणकारांनी खुशाल भांडावा असा प्रश्न. दोन दिवसांत त्याचा जातिधर्माचा प्रश्न झाला, आणि पंचाला फोनवरून धमकावल्याची तक्रार पोलिसांत गेली. धोकादायक अवस्था म्हणजे काय, चार गुण कधी आणि दोन कधी, हे मराठीत सोप्या भाषेत त्याच रात्री कोणी सांगितले असते, तर सगळी आग विझली असती असे नाही; निदान ज्याला समजून घ्यायचे होते त्याला काही तरी हाती लागले असते. शंकर पुजारींसारखे निवेदक मैदानात ध्वनिक्षेपकावर हेच करत आले: डावाचे नाव, त्याचे मर्म, पैलवानाची तालीम, वस्ताद कोण. त्या कुस्तीच्या फिरलेल्या क्लिपमध्ये हे काही नव्हते, गुण तेवढे होते.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा: प्रश्न विचारायला पत्रकारच कशाला, आता सामान्य माणूसच विचारतो. सप्टेंबर २०२२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या सहारनपूरला कबड्डीच्या मुलींचे जेवण स्वच्छतागृहात ठेवून वाढले गेले. एकाने चित्रीकरण केले, ते देशभर फिरले, आणि क्रीडा अधिकारी निलंबित झाला. कोणत्या पेपरने हे केले असते? खरे आहे, कदाचित एकानेही नसते केले. पण त्या चित्रीकरणाने किती साधले तेही पाहावे. एक अधिकारी गेला आणि दुसऱ्या आठवड्यात लोक दुसऱ्या क्लिपकडे वळले. खेळाडूंच्या भोजनाचे कंत्राट कसे निघते, दरडोई किती रक्कम मंजूर असते, त्यातली ताटापर्यंत किती येते, हे कॅमेऱ्याला दिसत नाही, ते कागदात असते. कागद मागावा लागतो, नाही म्हटले तर माहिती अधिकारात अर्ज करावा लागतो, तीस दिवस थांबावे लागते, अपील करावे लागते. असले काम रागावर होत नाही, पगारावर होते. क्लिप ही तक्रार असते, आणि तक्रार आली की चौकशी संपली, असे आपण कधीपासून मानू लागलो?

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे: जुने क्रीडा पत्रकार तरी कुठे विचारत होते? खेळाडूंशी आणि संघटनांशी दोस्ती ठेवायची, दौऱ्यावर जायचे, गोड लिहायचे. फेब्रुवारी २०२२ मध्ये यष्टिरक्षक वृद्धिमान साहाने एका नामवंत पत्रकाराचे संदेश उघड केले. मुलाखत दिली नाही म्हणून त्यात त्याला दम भरला होता. क्रिकेट मंडळाने त्या पत्रकारावर दोन वर्षांची बंदी घातली. म्हणजे खेळाडूला स्वतःचे माध्यम नसते, तर ही दमदाटी कोणाला कळलीही नसती. याला माझ्याकडे बचाव नाही. करायचाही नाही. मात्र यातून पत्रकारिता नको असे निघत नाही, जवळिकीवर पोसलेली पत्रकारिता नको एवढेच निघते. आणि गंमत अशी, की मोबाईलनेच तिला त्या जवळिकीतून सोडवले आहे. खेळाडूचे दोन शब्द आता सगळ्यांनाच मिळतात, तेव्हा त्या दोन शब्दांसाठी त्याच्या मागे लाळघोटेपणा करण्याची गरज उरली नाही. ज्याला खेळाडूकडून काही नको, तोच त्याला आणि त्याच्या संघटनेला अवघड प्रश्न विचारू शकतो.

आता तालुक्याकडे या. शिंदखेड्याच्या वार्ताहराने आयपीएलवर काही लिहू नये. ते जग पाहून बसले आहे. त्याच्या दारातले प्रश्न मात्र जगात दुसरा कोणी विचारणार नाही. राज्य सरकारने २०२२ मध्ये तालुका क्रीडा संकुलाच्या अनुदानाची मर्यादा १ कोटीवरून ५ कोटी रुपये केली. आपल्या तालुक्याच्या वाट्याला त्यातले किती आले, कशावर खर्च झाले, धावपट्टी कोणासाठी किती वाजता उघडी असते, मुलींसाठी कपडे बदलायला खोली आहे का? शालेय स्पर्धांत तालुक्यातून किती शाळा खरोखर मैदानात उतरतात आणि किती कागदावर? हा शेवटचा प्रश्न भोचकपणाचा वाटेल, पण त्याच्या मागे नोकऱ्या आहेत. खेळाडूंना शासकीय नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला वाढीव गुण आहेत, आणि ट्रॅम्पोलीनसारख्या खेळांची बनावट प्रमाणपत्रे दाखवून नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणे राज्यात उघड होऊन गुन्हे दाखल झाले आहेत. बनावट प्रमाणपत्राने कोणाची जागा गेली? बहुधा अशाच एखाद्या तालुक्यातल्या, जिल्हा स्पर्धेला एसटीने गेलेल्या आणि वडापाव खाऊन खेळलेल्या मुलाची. स्पर्धा झाली होती का, कोणत्या तारखेला, कोण कितव्या क्रमांकावर आला, याची त्या-त्या दिवशी छापलेली नोंद असेल तर बनावटगिरी अवघड होते. खेळाडूंच्या घरी प्लास्टिकच्या फायलीत जपलेली कात्रणे असतात. नातेवाईक त्यांना हौस म्हणतात, पण पडताळणीच्या वेळी ती साक्ष ठरू शकतात. पोस्ट उद्या काढून टाकता येते, तिची तारीख कोणी तपासत नाही, आणि खाते बंद झाले की सगळा इतिहास बंद. जिल्हा पानावरची तीन ओळींची निकालपत्रिका पेपरांनी ‘आता कोण वाचतो’ म्हणून उचलून टाकू नये. ती वाचायला नसतेच, ठेवायला असते.

हे सगळे करायचे कोणी आणि कोणाच्या पैशावर, हा खरा पेच आहे आणि तो झाकून चालणार नाही. तालुका वार्ताहराला बातमीपेक्षा जाहिरातीसाठी जास्त विचारले जाते. वर्धापनदिनाची पुरवणी, नेत्याच्या वाढदिवसाची पुरवणी, दिवाळी. आणि ज्याच्या वाढदिवसाची पाने भरतात, त्याच्याच नावाचा चषक मैदानावर असतो. आयोजकच जाहिरातदार असला, की स्पर्धेतल्या गोंधळाची बातमी कोण लिहील? मोबाईलवरच्या खेळपानांची गोष्ट वेगळी आहे असे समजू नका. त्यांच्यामागचा पैसा बराच काळ सट्ट्याच्या आणि पैशाच्या खेळांच्या कंपन्यांकडून आला. बातम्यांच्या नावाने चालणाऱ्या संकेतस्थळांआडून सट्टा कंपन्यांची जाहिरात होते, असा इशारा केंद्र सरकारला ऑक्टोबर २०२२ मध्ये द्यावा लागला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायद्यानेच बंदी आली. मोठी वर्तमानपत्रेही ‘आजचा संघ असा निवडा’ छापण्यात मागे नव्हती, तेव्हा नैतिकतेचा टेंभा कोणी मिरवू नये. माझे मत असे, की जिल्हा आवृत्त्यांनी सामन्यांच्या वर्णनावर जाणारी जागा आणि माणूस दोन्ही काढून घ्यावे. धुळे-नंदुरबार-जळगाव मिळून फक्त खेळाचा हिशेब पाहणारा, जाहिरातीशी संबंध नसलेला एक पगारी माणूस ठेवावा. तीन जिल्ह्यांना एक. ही काही चैन नव्हे. त्याने गावातल्या पोरांचे मोबाईलही वापरावेत, कारण मैदानावर काय घडले ते त्यांनीच टिपलेले असते. त्यांची चित्रे, याचे प्रश्न.

सुरुवात करायला फार मोठे काही लागत नाही. यात्रांचे दिवस येतील, तापीकाठच्या गावांतून दंगली भरतील, पहिल्या नंबरच्या कुस्तीला लाखाचे इनाम ध्वनिक्षेपकावर तीन वेळा पुकारले जाईल आणि ते चित्रीकरण रात्रीपर्यंत सगळीकडे फिरेल. आठवड्याने एकाने त्या पैलवानाच्या तालमीत जावे आणि पुकारलेल्या लाखातले हातात किती पडले, एवढेच विचारून यावे.